हर्शेलचा होकार

१

हर्शेल स्लोनने खुनाची कबुली दिली, त्या दिवशी आमच्या अख्ख्या कॅनी फोर्क गावाला हायसं वाटलं. म्हातारा इश्मेल फ्यूगेट स्वतःच्याच तळघराच्या पायऱ्यांखाली डोकं फुटून मेलेला सापडला होता. त्याची सँगची गोणी हर्शेलच्या गाडीत सापडली होती. आता आरोपीच 'मी केलं' म्हणतोय, तर दुसऱ्यांनी कशाला डोकं शिणवायचं? लोकांनी त्याच्या नावाने दोनदा थुंकून घेतलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

सँग म्हणजे आमच्या केंटकीच्या डोंगरातली रानटी जिनसेंगची मुळी. परदेशी व्यापारी ती वाट्टेल त्या भावाने उचलतात आणि आमची माणसं तिच्यापायी एकमेकांची कुंपणं ओलांडतात. म्हातारा ती खणून वाळवायचा. त्याची आणि हर्शेलची चांगली गट्टी होती. तरी हर्शेलने त्याला ढकललं आणि गोणी पळवली, असं ठरलं. कबुली दिली की खटला चालतच नाही, थेट शिक्षा झाली दहा वर्षांची.

दोन वर्षं झाल्यावर त्याची बायको ट्रेसी मला म्हणाली, "ओमा मावशी, त्याने केलेलं नाही गं."

"मग कबूल कशाला केलं त्या गाढवाने?"

"तेच तर कळत नाही. तो म्हणतो, मी खटला मागितला, त्यांनी दिलाच नाही. वकील म्हणतो, याला खटला नकोच होता." तिने माझ्यापुढे बिस्किटं, म्हणजे आमचे मऊ भाजके पाव, आणि त्यावर घालायची ग्रेव्ही ठेवली. "लुईव्हिलची एक वकीलबाई अर्ज करतेय. आधीचा वकील कुचकामी होता, म्हणून कबुली रद्द करा, असा. तिला इथलं कुणीतरी हवंय, चार लोकांना विचारणारं. तू करशील?"

"मला काही वाटत नाही," मी म्हटलं.

ट्रेसीने डोळे पुसले आणि माझ्या ताटात आणखी एक बिस्किट वाढलं.

मी ओमा स्टिडम. काउंटीच्या तुरुंगात बावीस वर्षं किल्ल्या सांभाळल्या. चोर पाहिले, खुनी पाहिले, पण माणूस म्हणून मनातून उतरले ते वकील. चोराला निदान माहीत असतं की आपण दुसऱ्याचं काहीतरी नेतोय.

२

वकीलबाईंचं नाव मिस अडेअर. वयाने पोर, पण कामाला वाघीण. बोलणं मात्र सगळं पुस्तकी.

"वकील नालायक होता एवढं पुरत नाही, मिसेस स्टिडम," ती म्हणाली.

"पुरलं असतं तर निम्मा तुरुंग रिकामा झाला असता."

ती हसली नाही. "दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. वकिलाने काम नीट केलं नाही, ही एक. आणि त्याने ते नीट केलं असतं तर हर्शेलने कबुली न देता खटला लढवला असता, ही दुसरी. ही दुसरी जमली नाही तर अर्ज फेटाळला जाईल, आणि असा अर्ज परत करता येत नाही."

म्हणजे सगळं एकाच प्रश्नावर येऊन ठेपलं होतं. हर्शेलला खटला हवा होता की नको? तो 'हवा होता' म्हणतो, वकील 'नको होता' म्हणतो. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि कोण, यावर मी माझी गाय पणाला लावली असती.

तो वकील म्हणजे प्रेस्टन व्हिटलॉक. कोर्टाने नेमून दिलेला फुकटचा वकील. राहतो लेक्सिंग्टनला, कोर्टाच्या दिवशी डोंगर चढून येतो आणि संध्याकाळ व्हायच्या आत उतरतो, इथे रात्र काढली तर जणू खरूज होईल. मी त्याला कोर्टाच्या जिन्यावर गाठलं.

"स्लोन? कोण स्लोन?" तो म्हणाला.

"दहा वर्षांसाठी आत घातलात तो."

"हां, तो गोणीवाला. बाई, मी त्याला सरळ विचारलं होतं. खटला लढायचाय का? त्याने झटकून टाकलं. मेल्या चेहऱ्याचा माणूस! जीवावर बेतलंय आणि याला कशाचं सोयरसुतक नाही."

"किती वेळ बोललात त्याच्याशी?"

"पुरेसा."

"इश्मेलच्या पुतण्याला भेटलात?"

"त्याचा जबाब होता ना कागदावर."

"तळघर पाहिलंत?"

"तळघरात काय पाहायचं?" त्याने बुटावरचा चिखल पायरीला घासला. "हे बघा, बारा वर्षं मी या लोकांत काम करतोय. मला यांची नस न् नस माहीत आहे. यांना लढायचंच नसतं. खाली मान घालतात आणि मिळेल ते घेतात."

'या लोकांत' म्हणताना तो माझ्याच तोंडाकडे बघत होता. मी आयुष्यात बरेच दगड पाहिलेत, पण त्यांच्यावर निदान शेवाळ तरी धरतं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तुरुंगात मी रोज खोटं ऐकत आले, खोट्याचा वास मला लांबून येतो. व्हिटलॉकला तो वास नव्हता. उद्धटपणाचा होता, आळसाचा होता, पण खोट्याचा नव्हता.

३

पुतण्या लॉनी फ्यूगेट गाडीखाली आडवा होऊन काहीतरी ठोकत होता. बाहेर यायला तयार नव्हता, म्हणून मी त्याच्या बुटांशी बोलले.

"लॉनी, हर्शेलने तुझ्या काकाकडे गोणी मागितली, काकाने त्याला झिडकारलं, असं तू पोलिसाला सांगितलंस म्हणे."

ठोकणं थांबलं. "झिडकारलं? असं कुठे म्हटलं मी?"

"कागदावर तसं आहे. खाली तुझी सही आहे."

"तो पोलीस खाली ओहायो नदीकाठचा, आपल्या डोंगरातला नव्हे. काहीतरी खरडलं आणि पुढे केलं. मी चष्मा न लावताच सही केली." तो बाहेर सरकला. तोंड काळं तेलकट झालं होतं. "हर्शेलने विचारलं, काका, तुमची सँग मी व्यापाऱ्याकडे घेऊन जाऊ का? काकांनी उत्तर दिलं, आणि दोघं गोणी बांधायला लागले. मग मी निघालो."

"काकाने उत्तर काय दिलं?"

"म्हणाले, मला काही वाटत नाही."

"मग भांडण कुठलं?"

"नव्हतंच भांडण."

"मग गप्प का बसलास दोन वर्षं, टोणग्या?"

त्याने हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसले. "मला वाटलं, मी गेल्यावर काहीतरी झालं असेल. हर्शेलने स्वतः कबूल केलं ना, मावशी. न करता कोण कबूल करतं? आणि मला परत कुणी विचारायला आलंच नाही."

तळघर त्यानेच उघडून दाखवलं. दगडी पायऱ्या अरुंद होत्या आणि त्यांच्यावर ओल होती.

"काका खाली पडलेले सापडले तेव्हा त्यांच्या अंगाखाली बीटच्या लोणच्याची बरणी फुटली होती," लॉनी म्हणाला. "सगळं लालभडक. मला आधी ते सगळं रक्तच वाटलं. जेवायला मक्याचा ब्रेड करून ठेवला होता वर, तो तसाच होता. मृत्यूची नोंद करणारा आमचा लेस्टर पहिल्यांदा म्हणाला, पाय घसरला म्हाताऱ्याचा. मग पोलिसाने झिडकारल्याचं काढलं, हर्शेलच्या गाडीत गोणी मिळाली, आणि लेस्टरनेही मत फिरवलं."

"गाडीत आणखी काय मिळालं?"

"तसलीच एक बरणी. तीही चोरीच्या मालात धरली."

"नुसती बरणी?"

"झाकणाला चौकटीचं फडकं बांधलेली."

मी त्या ओल्या पायरीवर बसलेच. आमच्याकडे बरणी घरात खायची असेल तर नागडीच फळीवरून काढतात. कुणाला भेट द्यायची असेल तरच झाकणाला फडकं बांधतात. चोराला फडकं बांधून कोण देतं? म्हाताऱ्याने हर्शेलला गोणी दिली, शिवाय निघताना बरणी दिली, हात हलवून निरोप दिला आणि मग स्वतःच्या जेवणासाठी दुसरी आणायला खाली उतरला. ती छातीशी धरून चढताना घसरला. लोणच्याची बरणी कवटाळून कुणी मारामारी करत नाही.

म्हणजे खून झालाच नव्हता. तळघर बघायला आणि एक प्रश्न विचारायला व्हिटलॉकला पाऊण तास लागला असता. तेवढ्यासाठी बुटाला चिखल कोण लावून घेणार?

मी मिस अडेअरला फोन केला. ती खूश झाली, पण लगेच म्हणाली, "पहिली गोष्ट झाली, मिसेस स्टिडम. दुसरी राहिलीच. तो खटला लढला असता, याचा पुरावा कुठेय? रविवारी मी त्याला भेटायला तुरुंगात जातेय. तुम्ही याल का सोबत? बराच लांब प्रवास आहे."

"मला काही वाटत नाही," मी म्हटलं.

रविवारी मी चर्चला दांडी मारली, चांगला कोट घातला आणि ओसरीवर बसून राहिले. बाई आलीच नाही. दुपारी फोन केला तर म्हणते, "मी एकटी जाऊन आले. तुम्हाला उगाच त्रास नको म्हटलं."

कोट काढताना मी तिला चार शिव्या घातल्या. शहरातल्या लोकांना वळण म्हणून नसतं.

४

पुढच्या खेपेला मी तिच्या गाडीचं दार न विचारताच उघडलं आणि आत बसले. ती जरा चकित झाली, पण तिने गाडी सुरू केली.

हर्शेल काचेपलीकडे बसला होता. वाळला होता. हात मात्र तसेच, नखांत माती नसल्यामुळे उघडे पडल्यासारखे.

"ओमा मावशी, ट्रेसी जेवते ना वेळेवर?"

"तिचं सोड. तू कबूल का केलंस?"

"मी आधी खटलाच मागितला. एकदा वकिलाकडे, एकदा जजसाहेबांकडे. दोघांनी ऐकून घेतलं आणि द्यायचा तो दिला नाहीच. वकील कोपराने ढोसून म्हणाला, आता हो म्हण. मला वाटलं, मागून मिळत नाही म्हणजे गरिबाला मिळत नसेल." तो काचेला बोट घासत राहिला. "मी काय भांडणार त्यांच्याशी?"

मिस अडेअर पुढे वाकली. "मिस्टर स्लोन, खटला हवा, असं तुम्ही स्पष्ट म्हणालात?"

"स्पष्ट म्हणालो, बाईसाहेब. दोन्ही वेळा."

परतताना ती म्हणाली, "तो खोटं बोलतोय. त्या दिवसाची कोर्टाची चित्रफीत मी काल पाहिली. त्याने खटला नाकारला. स्पष्ट नाकारला."

हर्शेलला मी तो लंगोटात होता तेव्हापासून ओळखते. त्यालाही खोट्याचा वास नव्हता. दोन माणसं एकमेकांच्या अगदी उलट सांगत होती आणि दोघंही खरं बोलत होती. असलं कोडं मला बावीस वर्षांत कधी पडलं नव्हतं.

"मला दाखव ती फीत," मी म्हटलं.

५

कोर्टाच्या तळमजल्यावर कारकुनाने फीत लावून दिली. आमच्या कॉडिल जजसाहेबांचं तेव्हा पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून लेक्सिंग्टनहून कुणी बदली जज आले होते. गोरेगोमटे, पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघणारे.

पडद्यावर ते विचारत होते, "मिस्टर स्लोन, अजून वेळ गेलेली नाही. तुम्हाला ज्युरीसमोर खटला चालवायचा आहे का?"

हर्शेलने मान वर केली. "मला काही वाटत नाही, जजसाहेब."

"ठीक आहे. मग पुढे जाऊ. गुन्हा कबूल आहे?"

हर्शेलने गोंधळून व्हिटलॉककडे पाहिलं. व्हिटलॉकने कोपर मारलं. मग एक बारीकसा "हो साहेब" ऐकू आला.

मी टेबलावर थाप मारली. "बघ! मागितला की नाही पोराने?"

"कुठे मागितला?" मिस अडेअर माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. "त्याने नाकारला!"

"अगं बहिरी आहेस का? जजने विचारलं, खटला चालवायचा का. तो म्हणाला, मला काही वाटत नाही."

"तेच म्हणतेय मी! म्हणजे मला त्याचं काही नाही, राहू दे!"

"म्हणजे जरूर! आनंदाने!"

आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. कारकून पोरगा आमच्याच डोंगरातला, तो गालातल्या गालात हसायला लागला.

मला माझी ओसरी आठवली. चांगला कोट आठवला. "पोरी," मी हळूच विचारलं, "त्या रविवारी मला न घेता का गेलीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, मला काही वाटत नाही. मला वाटलं, म्हातारीला कंटाळा आला." तिने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा."

आमच्यात कुणी म्हणालं, भांडी घासशील का, पाहुण्याला सोडून येशील का, की त्याला उत्तर हेच. मला काही वाटत नाही. त्यात जड काय आहे, खुशाल सांग. आजोबा असंच म्हणायचे, पाळण्यातलं पोरही हेच शिकतं. डोंगराखालच्या शहरांत हेच शब्द नाक मुरडून म्हणतात, हे मला साठी उलटली तरी माहीत नव्हतं, कारण तिथे जायची माझ्यावर कधी पाळीच आली नाही.

म्हाताऱ्या इश्मेलने हेच म्हणून गोणी दिली होती. पोलिसाने लिहिलं, झिडकारलं. हर्शेलने हेच म्हणून खटला मागितला. वकिलाने ऐकलं, नको. एकाच वाक्यावरून एका माणसाला खुनी ठरवलं आणि त्याच वाक्यावरून आत टाकलं. मधल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही, बाबा रे, म्हणजे काय? विचारायला समोर माणूस आहे असं वाटावं लागतं.

"कोर्टात हे कसं पटवायचं?" मिस अडेअर म्हणाली. "सरकारी वकील म्हणेल, आता अर्थ बनवून आणलात."

६

सुनावणीच्या दिवशी आमचे कॉडिल जजसाहेब पित्ताशयाविना खुर्चीत बसले होते. मागचे बाक गावाने भरले होते. ट्रेसी माझ्या शेजारी होती. अर्ज फेटाळला तर उरलेली आठ वर्षं, आणि परत दार ठोठावायची सोय नाही.

लॉनीने साक्ष दिली, चष्मा लावून. लेस्टरने फुटक्या बरणीचं सांगितलं आणि आपलं पहिलं मतच खरं होतं, हे मान खाली घालून कबूल केलं. मी फडक्याचं सांगितलं आणि शब्दाचंही सांगितलं. सरकारी वकील हसला. "आणि हा अर्थ कोणत्या कोशात आहे, बाई?"

"माझ्या आजीच्या," मी म्हटलं. जजसाहेब खाली बघून काहीतरी लिहीत होते.

मग व्हिटलॉक साक्षीला आला.

"तुम्हाला इथल्या लोकांची बोली समजते?" मिस अडेअरने विचारलं.

"बारा वर्षं झाली मला," तो म्हणाला. "मला कधीही अडचण आली नाही. हा अर्थाचा घोळ म्हणजे शुद्ध पश्चात्बुद्धी आहे."

"मिस्टर स्लोनने नकार दिला, याबद्दल तुम्हाला शंका नाही?"

"तिळमात्र नाही." मग तो जजसाहेबांकडे वळला. "महाराज, याबाबत मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. ऐकून घ्याल का?"

कॉडिल जजसाहेबांनी चष्मा वर सरकवला. "मला काही वाटत नाही."

व्हिटलॉकचा चेहरा पडला. उघडलेलं तोंड त्याने मिटलं, खुर्चीत मागे टेकला आणि गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसला.

जजसाहेब वाट बघत राहिले. आधी मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा गाव हसला. कोर्टाचा शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तरी त्याचे खांदे हलत होते.

"बोला ना, मिस्टर व्हिटलॉक," जजसाहेब म्हणाले. "ऐकतो, म्हटलं की मी."

व्हिटलॉक लाल झाला. त्याला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ जजसाहेब त्याच्याकडे नुसते बघत होते. मग त्यांचा आवाज बदलला. "माझा जन्म इथून दोन दऱ्या पलीकडचा. बारा वर्षं तुम्ही माझ्या कोर्टात उभे राहताय आणि प्रत्येक आरोपीला हाच प्रश्न विचारताय. अशी किती उत्तरं तुम्ही ऐकलीत, आणि कशी ऐकलीत, याचा विचार करून मला झोप लागणार नाही. तुम्हाला लागेल, याची खात्री आहे."

कबुली रद्द झाली. खटला उभा करायचा तर सरकारी वकिलाकडे उरलं काय होतं? एक घसरलेला म्हातारा आणि भेटीची बरणी. थोड्याच दिवसांत त्याने केस मागे घेतली.

हर्शेल कोर्टाच्या पायऱ्या उतरला तेव्हा ट्रेसी त्याच्या बाहीला धरून होती, हात धरायला जणू घाबरत होती. लॉनी लांब उभा होता, हर्शेलनेच जाऊन त्याच्या पाठीत धपका घातला. मग हर्शेलने माझ्याकडे बघून मान लववली, आणि मला रडू आलं ते मी लपवलंही नाही.

तेवढ्यात व्हिटलॉक पुढे आला. बहुधा मिस अडेअर बघत होती म्हणून. त्याने घसा साफ केला.

"मिस्टर स्लोन, झालं ते झालं. मला माफ कराल का?"

हर्शेलने त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं काचेआड राहिलेला चेहरा, त्यावर ना राग ना हसू.

"मला काही वाटत नाही," तो म्हणाला.

व्हिटलॉक तिथेच उभा राहिला. एव्हाना त्याला दोन्ही अर्थ ठाऊक होते. यातला कोणता, हे विचारायला एक शब्द पुरला असता, आणि सांगणारा समोर उभा होता. त्याने हर्शेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. मग मान हलवली, गाडीत बसला आणि ऊन असतानाच डोंगर उतरून गेला.

विचारलं नाहीच.